सूर्याभिमुख वस्ती : घर आणि कचेरी यांच्या सहवासाचा इतिहास

युरोपातील नगररचनेच्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झालेले दिसतात. घराचे तोंड सूर्याकडे असावे काय, हा पहिला प्रश्न. आणि राहण्याची जागा व काम करण्याची जागा एकत्र असाव्यात की विभक्त, हा दुसरा. पहिला प्रश्न सामान्यतः स्थापत्याचा व आरोग्याचा मानला गेला, तर दुसरा अर्थव्यवस्थेचा व समाजव्यवस्थेचा. या दोहोंचा विचार वेगवेगळ्या विद्याशाखांत झाल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध बराच काळ दुर्लक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ऊर्जेच्या हिशेबाने हे दोन्ही प्रश्न एका आराखड्यावर आणून ठेवले. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरातील श्लीअरबेर्ग येथील सौर वसाहत आणि लंडनच्या दक्षिण भागातील बेडझेड ही वस्ती ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. या दोन वस्त्यांच्या घडणीचा मागोवा घेऊन त्यांपैकी कोणते गृहीतक टिकले व कोणते टिकले नाही, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

सूर्याभिमुख घराचा विचार अर्वाचीन नाही. झेनोफनच्या सॉक्रेटिसविषयक आठवणींत घर सोयीचे कसे असावे याची चर्चा आली आहे. घराची दक्षिणेकडील बाजू उंच ठेवावी, म्हणजे हिवाळ्यातील खालून येणारे ऊन आत शिरते. उत्तरेकडील बाजू बुटकी ठेवावी, म्हणजे थंड वारे अडतात. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावरून जातो व छपरच सावली देते, असा त्या चर्चेचा आशय आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात विस्तारलेल्या आणि इ. स. पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने उद्ध्वस्त केलेल्या ऑलिंथस नगराच्या उत्खननात याच तत्त्वाचा सामुदायिक पुरावा मिळाला. तेथे दहा-दहा घरांचे आयताकृती गट असून घरांची अंगणे दक्षिण भागात आहेत आणि मुख्य दालने त्या अंगणांकडे तोंड करून उभी आहेत. विशेष म्हणजे त्यांतील काही घरांत दुकानांच्या व कारागिरीच्या खुणा आढळल्या. ऊन आणि उदीम एकाच उंबरठ्याआड नांदू शकत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशात हा विचार नव्याने मांडला गेला. ब्यूकेबुर्ग येथील वैद्य बेर्नहार्ड क्रिस्टोफ फाउस्ट (१७५५–१८४२) याने १८२४ मध्ये सर्व मानवी घरांची तोंडे दक्षिणेकडे असावीत असे प्रतिपादन केले. म्युनिकमधील स्थापत्यशिक्षक गुस्टाव्ह व्होरहेर याने त्याचा पुरस्कार केला. फाउस्टचा आधार वैद्यकीय होता. अंधाऱ्या व दमट घरांत रोग वाढतात, हे त्याचे मुख्य प्रमेय. इंधनाची बचत हा त्याच्या दृष्टीने आनुषंगिक लाभ होता. पुढे दीडशे वर्षांनी हाच आनुषंगिक लाभ मुख्य ठरला.

२. ला शो-द-फाँ ते अथेन्सची सनद

सूर्यप्रकाश आणि व्यवसाय यांचा नगररचनेत जाणीवपूर्वक मेळ घातल्याचे उत्तम ऐतिहासिक उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ हे घड्याळे बनविणाऱ्यांचे गाव. सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसलेले हे गाव १७९४ च्या आगीत जळून गेले. त्याच्या पुढील वाढीसाठी शार्ल-आंरी ज्युनो याने १८३५ मध्ये आखलेल्या योजनेत लांब, समांतर रस्ते व त्यांना धरून घरांच्या रांगा अशी मांडणी आहे. प्रत्येक रांगेस ऊन मिळावे हा त्यामागील एक उद्देश होता. घड्याळाच्या सूक्ष्म भागांवर काम करणाऱ्या कारागिरास स्वच्छ उजेडाची नितांत गरज असे. म्हणून कामाच्या खोलीस ओळीने खिडक्या असत आणि तीच इमारत कारागिराचे घरही असे. कार्ल मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथात श्रमविभागणीची चर्चा करताना या गावाचे वर्णन जणू एकच प्रचंड कारखाना असे केले आहे. २००९ मध्ये युनेस्कोने शेजारच्या ल लोक्ल गावासह त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तोही घर आणि कार्यशाळा यांच्या या नियोजित मिश्रणासाठीच.

इतिहासाचा विलक्षण योगायोग असा की, ज्याच्या नावाशी घर व काम यांची फारकत कायमची जोडली गेली, तो ल कॉर्ब्युझिए १८८७ मध्ये याच गावी जन्मला. १९३३ मध्ये मार्सेय ते अथेन्स या जलप्रवासात आधुनिक वास्तुशिल्पज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे चौथे अधिवेशन झाले. त्यातील निष्कर्षांना ल कॉर्ब्युझिएने दिलेले रूप १९४३ मध्ये 'अथेन्सची सनद' म्हणून प्रसिद्ध झाले. निवास, काम, मनोविनोद आणि दळणवळण अशी नगराची चार कार्ये त्या सनदेने मानली व त्यांना स्वतंत्र जागा नेमून दिल्या. प्रत्येक निवासास किमान सूर्यप्रकाश मिळालाच पाहिजे, असा आग्रहही त्याच सनदेत आहे. म्हणजे सूर्याचा आग्रह आणि विभक्ततेचा आग्रह एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी उभे आहेत.

ही युती आकस्मिक नव्हती. धूर, काजळी आणि गर्दी यांनी ग्रासलेल्या औद्योगिक शहरात घरास ऊन मिळवून देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घर कारखान्यापासून दूर नेणे. फ्रायबुर्गच्या उत्तरेस, त्याच ऱ्हाइन खोऱ्यातील कार्ल्सरूऽ येथे १९२९ मध्ये वाल्टर ग्रोपिउसच्या आराखड्यानुसार डामरस्टॉक वसाहत उभी राहिली. तेथे इमारतींच्या रांगा उत्तर-दक्षिण लांबीच्या असून खिडक्या पूर्वेस व पश्चिमेस आहेत. सकाळचे ऊन शयनगृहात, सायंकाळचे बैठकीच्या खोलीत, असा हिशेब. टीकाकार आडोल्फ बेने याने १९३० मध्ये या रचनेवर नेमका आक्षेप घेतला. माणसाने केव्हा कोणत्या दिशेच्या खोलीत असावे हे जर आराखडाच ठरवू लागला, तर रहिवासी हा जिवंत माणूस न राहता केवळ 'राहणे' या क्रियेचा अमूर्त कर्ता होतो, असा त्याच्या टीकेचा मथितार्थ आहे. हा आक्षेप पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या संदर्भात एका भाषिक निरीक्षणाची नोंद करणे अप्रस्तुत होणार नाही. जर्मन भाषेतील 'झीड्लुंग' या शब्दासाठी मराठीत 'वसाहत' हा शब्द सहज सुचतो, आणि दोहोंतही केवळ वसण्याचा अर्थ आहे. कामाचा निर्देश नाही. उलट 'पेठ' या मराठी शब्दात बाजार आणि वस्ती हे दोन्ही अर्थ अविभक्त आहेत. विसाव्या शतकातील नगररचनेने 'वसाहत' निर्माण केल्या. 'पेठ' निर्माण करण्याची आवश्यकता तिला पुष्कळ उशिरा जाणवली.

३. तेल, अणुशक्ती आणि फ्रायबुर्ग

ती जाणीव होण्यास कारण झाले ते इंधन. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत तेल इतके स्वस्त झाले की घराची दिशा हा प्रश्नच उरला नाही. तळघरातील तापयंत्र कोणत्याही दिशेचे घर उबदार ठेवू शकत होते. १९७३ च्या तेलसंकटाने ही निश्चिंतता संपवली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे मायकेल व जुडी कॉर्बेट यांनी त्याच दशकात 'व्हिलेज होम्स' ही सुमारे २४० घरांची वस्ती उभारली. रस्ते पूर्व-पश्चिम आखून घरांची तोंडे दक्षिणेस आणण्याचा प्राचीन उपाय तेथे पुन्हा अवलंबिला गेला.

फ्रायबुर्गमध्ये मात्र या प्रश्नास राजकीय धार आली. शहराच्या वायव्येस, ऱ्हाइनकाठच्या व्हील या गावाजवळ अणुविद्युत् केंद्र उभारण्याचे ठरले होते. शीतक मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेने द्राक्षमळ्यांवर धुके दाटेल व पीक बिघडेल, ही तेथील शेतकऱ्यांची भीती. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी, आणि त्यांच्यासमवेत विद्यार्थी व नागरिक यांनी, नियोजित जागेचा ताबा घेतला. हा प्रकल्प अखेर सोडून द्यावा लागला. परंतु विरोध यशस्वी झाल्यावर 'मग वीज कोठून आणणार?' हा प्रश्न विरोधकांवरच येऊन पडला. या प्रश्नाच्या उत्तराचा शोध संस्थारूपाने सुरू झाला. १९७७ मध्ये फ्रायबुर्ग येथे ओको-इन्स्टिट्यूट ही परिसरविषयक संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९८१ मध्ये आडोल्फ ग्योट्सबेर्गर यांच्या पुढाकाराने फ्राउनहोफर सौरऊर्जा संशोधन संस्था निघाली. १९८६ मधील चेर्नोबिल अपघातानंतर नगरपरिषदेने ऊर्जेची बचत व अणुशक्तीचा त्याग यांवर आधारलेले धोरण स्वीकारले. शहराने विकलेल्या जमिनीवर बांधल्या जाणाऱ्या घरांस तापनासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी ६५ किलोवॉट-तासांहून अधिक ऊर्जा लागू नये, असा दंडक पुढे घालण्यात आला. जमिनीची मालकी हेच नगरपालिकेच्या हातातील सर्वांत प्रभावी शस्त्र ठरले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

४. व्होबाँ : छावणीची वस्ती

अशा जमिनीचा मोठा तुकडा १९९२ मध्ये अनपेक्षितपणे उपलब्ध झाला. शहराच्या दक्षिण टोकास १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन सैन्यासाठी छावणी बांधली गेली होती. युद्धानंतर ती फ्रेंच सैन्याकडे आली आणि सतराव्या शतकात फ्रायबुर्गची तटबंदी उभारणाऱ्या व्होबाँ या फ्रेंच अभियंत्याचे नाव तिला मिळाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर फ्रेंच सैन्य निघून गेले व सुमारे ४० हेक्टर जागा मोकळी झाली. सुमारे पाच हजार रहिवासी आणि सहाशे रोजगार सामावणारी नवी वस्ती तेथे वसविण्याचे ठरले. 'फोरम व्होबाँ' या नागरिकांच्या संघटनेस १९९५ मध्ये लोकसहभागाची अधिकृत संस्था म्हणून मान्यता मिळाली. अनेक इमारती व्यावसायिक बांधकामदारांनी न बांधता, भावी रहिवाशांनी गट करून, स्वतः वास्तुशिल्पज्ञ नेमून बांधल्या. मोटारी वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळांत ठेवाव्यात, घराच्या दाराशी नाहीत, हा नियम सर्वांत अधिक चर्चिला गेला. २००६ मध्ये ट्रॅमचा मार्ग वस्तीपर्यंत आला.

येथेच १९९९ मध्ये 'राहणे आणि काम करणे' असे साधे नाव असलेली चार मजली इमारत एका नागरिक-गटाने उभारली. घरे आणि कचेऱ्या एकाच छपराखाली आणणारी ही इमारत निष्क्रिय तापनाच्या मानकानुसार बांधली होती. या मानकात तापनाची वार्षिक गरज दर चौरस मीटरला १५ किलोवॉट-तास एवढीच असावी लागते. म्हणजे शहराच्या दंडकाच्या चतुर्थांशाहूनही कमी. अनेक मजल्यांच्या इमारतीत हे मानक साधणारे जर्मनीतील हे आरंभीचे उदाहरण होय. तथापि पाच हजार रहिवाशांमागे सहाशे रोजगार हे प्रमाण पाहिले, तर एकूण वस्ती ही प्राधान्याने निवासीच राहिली, हेही मान्य करावे लागते.

५. श्लीअरबेर्ग : सूर्यनौका आणि तिच्या आडची घरे

व्होबाँलगत, मेर्त्सहाउजर रस्त्याच्या पूर्वेस श्लीअरबेर्गच्या पायथ्याशी रॉल्फ डिश या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली सौर वसाहत आहे. १९४४ मध्ये जन्मलेल्या डिशने १९९४ मध्ये 'हेलिओट्रोप' हे सूर्याबरोबर फिरणारे घर स्वतःसाठी बांधले होते. त्या एकाकी प्रयोगात जे साधले ते सर्वसामान्य रांगेतील घरांत साधावे, या हेतूने २००० ते २००६ या काळात श्लीअरबेर्ग येथे ५९ घरे बांधली गेली. त्यांपैकी ५० रांगांत जमिनीवर आहेत व ९ एका लांब व्यापारी इमारतीच्या छतावर. या इमारतीस 'झोनेन्शिफ', म्हणजे 'सूर्यनौका', असे नाव आहे.

घरांची रचना सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेल्या उपदेशाहून तत्त्वतः भिन्न नाही. फ्रायबुर्ग ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मध्यान्हीचा सूर्य उन्हाळ्यात क्षितिजापासून सुमारे ६५.५ अंश वर येतो, हिवाळ्यात मात्र केवळ १८.५ अंश. दक्षिणेकडे पुढे आलेले छपर उन्हाळ्याचे ऊन अडवते, तर हिवाळ्याचे ऊन त्याखालून मोठ्या तावदानांतून थेट आत येते. भर पडली ती तीन गोष्टींची : भिंतीतील जाड उष्णतारोधक थर, बाहेर जाणाऱ्या हवेतील ऊब आत येणाऱ्या हवेस देणारी वायुवीजन यंत्रणा, आणि स्वतः छपरच होऊन बसलेले विद्युत्-निर्मितीचे सौरपट्ट. या पट्टांची एकत्रित क्षमता सुमारे ४४५ किलोवॉट आहे.

याच कोनांत सौर नगररचनेची मुख्य अडचणही दडलेली आहे. सूर्य १८.५ अंशांवर असताना वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट पडते. नऊ मीटर उंचीच्या इमारतीची मध्यान्हीची सावली सत्तावीस मीटर. प्रत्येक घरास हिवाळ्याचे ऊन द्यायचे, तर रांगांमध्ये तेवढे अंतर सोडावे लागते. तेवढे अंतर सोडले की वस्ती विरळ होते. वस्ती विरळ झाली की दुकाने चालत नाहीत, ट्रॅम परवडत नाही, आणि सूर्याने वाचवलेले इंधन मोटारीत जळते. सूर्य आणि दाटी यांतील हा विरोध केवळ घरांचा विचार करून सुटत नाही. घराखेरीज अशी एखादी इमारत हवी की जिला हिवाळ्याच्या उन्हाची निकड नाही. कचेरी ही तशी इमारत आहे.

कचेरीत दिवसा माणसे, दिवे आणि यंत्रे यांची उष्णता साचते. तिला तापनापेक्षा थंडाव्याची व समान, डोळे न दिपविणाऱ्या उजेडाची गरज अधिक. घरास ऊब हवी असते ती सकाळी व रात्री, कचेरीस वीज हवी असते ती भर दिवसा, आणि सौरपट्टांची वीजही भर दिवसाच निघते. अशा रीतीने दोहोंच्या गरजा परस्परपूरक आहेत. सूर्यनौकेची जागा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमारे १२५ मीटर लांबीची ही इमारत सूर्याच्या नव्हे, तर रस्त्याच्या दिशेने, उत्तर-दक्षिण पसरली आहे. तळमजल्यावर दुकाने, वर कचेऱ्या; ओको-इन्स्टिट्यूटने आपली कचेरी येथेच थाटली. रहदारीचा गोंगाट ही इमारत स्वतःच्या अंगावर घेते, त्यामुळे मागील घरांना शांतता मिळते. छतावरील नऊ घरे मात्र नौकेच्या लांबीशी काटकोन करून दक्षिणेकडे वळलेली आहेत. म्हणजे एकाच इमारतीचा खालचा भाग रस्त्याचे ऐकतो आणि वरचा भाग सूर्याचे.

या रचनेस आर्थिक पाठबळ मिळाले ते कायद्यातून. १ एप्रिल २००० पासून अमलात आलेल्या नवीकरणीय ऊर्जेच्या जर्मन कायद्याने सौरविजेस दर किलोवॉट-तासास ९९ फेनिग एवढा, वीस वर्षांसाठी बांधील असा खरेदीदर दिला. त्यामुळे छपर हे खर्चाचे कलम न राहता उत्पन्नाचे साधन झाले. तरीही घरे सामान्य घरांहून महाग होती, आणि काही इमारतींचा पैसा लहान गुंतवणूकदारांच्या निधींतून उभा करावा लागला. हा तपशील विसरल्यास श्लीअरबेर्गचे यश केवळ भूमितीचे यश वाटेल. ते तितकेच कायद्याचे व पतपुरवठ्याचे यश होते.

६. बेडझेड : सावलीतील कचेऱ्या

हीच परस्परपूरकता अधिक काटेकोरपणे वापरली गेली ती बेडझेड येथे. लंडनच्या दक्षिणेस सटन विभागात, सांडपाण्याच्या गाळासाठी पूर्वी वापरल्या गेलेल्या जागेवर २००२ मध्ये सुमारे शंभर घरांची ही वस्ती पूर्ण झाली. पीबडी ही १८६२ मध्ये स्थापन झालेली गृहनिर्माण संस्था, बायोरीजनल ही परिसरविषयक संस्था आणि वास्तुशिल्पज्ञ बिल डन्स्टर यांचा हा संयुक्त उपक्रम. घरांचा काही भाग खुल्या विक्रीसाठी आणि उरलेला अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने किंवा अंशतः मालकीने देण्यासाठी होता.

येथे प्रत्येक रांगेचा छेद उतरता आहे. दक्षिणेस तीन मजली घरे, त्यांच्या काचबंद गच्च्यांसह. आणि त्यांच्या पाठीशी, उत्तरेकडे उतरत गेलेल्या भागात कामाच्या जागा. एका रांगेच्या घरांची सावली जेथे पडते, त्याच पट्ट्यात कचेऱ्या बसवल्या. सावलीची जागा वाया जात नाही, कचेऱ्या अतितप्त होत नाहीत, त्यांना उत्तरेचा शीतल उजेड मिळतो, आणि त्यांच्या छतांवर समोरच्या घरांसाठी बागा होतात. त्या बागांकडे जाण्यास लहान पूल आहेत. श्लीअरबेर्गमध्ये जो विरोध कडेच्या एका इमारतीने सोडविला, तो येथे प्रत्येक रांगेच्या पोटातच सोडविला गेला. आराखडा म्हणून हा निःसंशय श्रेष्ठ होता.

व्यवहारात काय घडले? इमारतीच्या अंगभूत गुणांनी आपले काम चोख केले. सात वर्षांनंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात तापन व गरम पाणी यांसाठीचा ऊर्जावापर सटनच्या सरासरीहून ८१ टक्के, आणि विजेचा वापर ४५ टक्के कमी आढळला. यंत्रांची कथा निराळी झाली. लाकडाच्या तुकड्यांपासून वायू काढून वीज व उष्णता एकत्र निर्माण करणारे छोटे केंद्र वस्तीतच होते. अशा यंत्रास सतत चालणे मानवते. शेजारी घरे असल्यामुळे ते रात्री बंद ठेवावे लागे, आणि चालू-बंद होण्यात डांबरासारखा द्रव साचून ते बिघडे. २००५ च्या सुमारास ते बंद पडले व त्याची जागा वायूवर चालणाऱ्या तापयंत्रांनी घेतली. घर आणि काम एकत्र आणण्याच्या तत्त्वातील एक अंतर्विरोध येथे दिसतो : ज्या निकटतेने ऊर्जा वाचवायची, त्याच निकटतेने ऊर्जेच्या यंत्रास शेजार म्हणून असह्य केले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कचेऱ्यांची. कामाच्या जागांना अपेक्षेइतकी मागणी आली नाही, आणि त्यांतील काही पुढे घरांत रूपांतरित कराव्या लागल्या. ज्या उत्तराभिमुख, सावलीतील जागा कचेरीसाठी म्हणूनच योग्य ठरविल्या होत्या, त्यांतच माणसे राहू लागली. आराखड्याने घराचे आणि कचेरीचे तास परस्परांना जुळविले होते. परंतु या घरात राहणारा माणूस त्या कचेरीतच काम करील, हे कोणताही आराखडा ठरवू शकत नव्हता. माणसाची उपजीविका शहरभर पसरलेली असते. एका घरातील दोघे दोन दिशांना जातात, आणि नोकरी बदलली म्हणून कोणी घर बदलत नाही. ला शो-द-फाँच्या घड्याळजीचे घर आणि कार्यशाळा एकत्र होती, कारण त्याचा धंदाच घरात चालणारा होता. आराखडा त्या धंद्यामागून आला. बेडझेडमध्ये आराखडा आधी आला आणि धंद्याने मागून यावे अशी अपेक्षा होती. बेनेने १९३० मध्ये डामरस्टॉकविषयी घेतलेला आक्षेप येथे रूप बदलून पुन्हा उभा राहतो. तेथे 'राहणारा' हा अमूर्त होता. येथे 'राहणारा आणि काम करणारा' अमूर्त झाला.

७. 'अधिक' आणि 'शून्य' यांचा अर्थ

या दोन वस्त्यांची नावेही तपासण्यासारखी आहेत, कारण त्यांत हिशेबाची रीत दडलेली आहे. डिशने आपल्या घरांना 'अधिक-ऊर्जा घर' म्हटले. बेडझेडच्या नावातच 'शून्य-ऊर्जा' हे पद आहे. दोन्ही विशेषणे व्याकरणदृष्ट्या निरपेक्ष, परंतु अर्थदृष्ट्या सापेक्ष आहेत. 'अधिक' म्हणजे वर्षाच्या एकूण जमाखर्चात अधिक. जानेवारीच्या रात्री हे घर सर्वसामान्य घराप्रमाणेच तारांतून वीज घेते आणि जूनच्या दुपारी ती परत करते. सार्वजनिक विद्युत्-जाळे हे त्याचे कोठार होय. जाळे नसते तर 'अधिक' हा शब्दही नसता. तसेच 'शून्य' म्हणजे ऊर्जेच्या वापराचे शून्य नव्हे, तर खनिज इंधनाचे शून्य. लाकडावरील केंद्र बंद पडताच ते शून्य राहिले नाही, जरी भिंती पूर्वीइतक्याच उबदार राहिल्या. भिंतीचा गुण आणि यंत्राचा गुण एका शब्दात कोंबल्यामुळे वस्तीच्या यशापयशाविषयी पुष्कळ गोंधळ झाला. प्रशंसकांनी यंत्राचे अपयश झाकले आणि टीकाकारांनी भिंतीचे यश.

घर व कचेरी यांच्या संयोगासही हाच न्याय लागू होतो. त्यांच्या गरजांची पूरकता ही इमारतींमधील भौतिक पूरकता आहे; ती टिकण्यासाठी दोन्ही प्रकारच्या इमारती शेजारी असणे पुरेसे आहे, एकाच माणसाने दोन्ही वापरणे आवश्यक नाही. सूर्यनौका टिकली याचे एक कारण हेच असावे. तिच्यातील दुकाने व कचेऱ्या मागील ५९ घरांवर विसंबून नव्हत्या. त्या रहदारीच्या रस्त्यावर होत्या, आणि संपूर्ण व्होबाँ व त्यापलीकडचे शहर त्यांचे गिऱ्हाईक होते. बेडझेडच्या कचेऱ्या मात्र घरांच्या पाठीशी, वस्तीच्या आत दडलेल्या होत्या. सावलीच्या हिशेबाने ती जागा अचूक होती, परंतु रस्त्याच्या हिशेबाने नव्हती.

८. समारोप

या इतिहासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सूर्याभिमुखतेचे तत्त्व प्राचीन व स्थिर असले, तरी त्याचा आधार आरोग्याकडून इंधनाकडे सरकला, आणि त्यामुळेच घर व काम यांच्या फारकतीचा फेरविचार अपरिहार्य झाला. दुसरा असा की, भिंत, दिशा व छपर यांनी साधलेली बचत टिकाऊ ठरली, तर लहान व जटिल यंत्रांवर उभारलेली बचत ठिसूळ. तिसरा असा की, कचेरीची जागा ठरविताना सूर्याइतकेच रस्त्यालाही विचारावे लागते.

हे कोन व हे नियम उत्तरेकडील अक्षांशांचे आहेत, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. पुण्यासारख्या १८.५ अंश अक्षांशावरील ठिकाणी हिवाळ्यातही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंश वर असतो आणि जूनमध्ये तो खस्वस्तिकाच्या किंचित उत्तरेस जातो. तेथे प्रश्न ऊन आत घेण्याचा नसून बाहेर ठेवण्याचा आहे. श्लीअरबेर्गची दक्षिणेकडील तावदाने तशीच उचलून येथे बसविल्यास ते अनुकरण ठरेल, नियोजन नव्हे.

२०२० मधील महासाथीच्या काळात कचेरी लक्षावधी घरांच्या खोल्यांत शिरली, आणि आराखड्याने जे घडवून आणता आले नाही ते साथीने काही महिन्यांत घडवले. दिवसा रिकामे असणारे घर व दिवसा भरलेली कचेरी, हे ज्या हिशेबाचे मूळ गृहीतक होते, तेच त्यामुळे डळमळीत झाले. पुढील काळातील सौर वस्तीस हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

बेडझेडच्या २००९ च्या आढाव्यात ऊर्जेच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा दिलेला आहे. तेथील रहिवासी सरासरीने वीस शेजाऱ्यांना नावाने ओळखत. लगतच्या हॅकब्रिज भागात हीच संख्या आठ होती. मराठीत 'वस्ती' आणि 'शेजार' हे दोन वेगळे शब्द आहेत. वस्ती आखता येते, मोजता येते, तिची सावली काढता येते. शेजार आखता येत नाही. मोटारी कडेला ठेवून, बागांना पूल जोडून आणि दारासमोर माणसांना थांबण्यास जागा देऊन त्याला केवळ वाव देता येतो. बेडझेडमधील वायूचे यंत्र बंद पडले आणि काही कचेऱ्यांची घरे झाली; तरीही हा वाव तेथे शिल्लक राहिला, ही गोष्ट नगररचनेच्या इतिहासकाराने ऊर्जेच्या टक्केवारीखाली दडू देता कामा नये.